घरी मुलाला टीपीएन देताय? फाईलमध्ये जे नीट कळत नाही ते

टीपीएन म्हणजे टोटल पॅरेंटरल न्यूट्रिशन, शिरेतून दिलेलं पूर्ण जेवण. डिस्चार्जच्या दिवशी हातात जाडजूड फाईल देतात, सिस्टर दोनतीनदा करून दाखवतात, आपल्याकडूनही करून घेतात, आणि घरी येऊन पहिल्या रात्री पिशवी हातात घेतली की सगळं डोक्यातून पार निघून जातं. माझं तरी तसंच झालं. फाईलमध्ये लिहिलेलं सगळं बरोबर असतं, पण प्रत्येक गोष्ट सारख्याच जोरात सांगितलेली असते, त्यामुळे काय चुकलं तर नुसती कटकट आणि काय चुकलं तर पोराच्या जीवावर बेतेल हे वेगळं काढता येत नाही. म्हणून हे लिहितेय. माझी लेक सहा वर्षांची होती, किमो चालू होती, आणि आम्ही सात महिने घरी रोज रात्री टीपीएन दिलं. त्यातून जे कळलं ते सांगते. तुमच्या टीमने काही वेगळं शिकवलं असेल तर त्यांचंच ऐका, कारण लाईन कुठली आहे, पिशवी कशी बनवलीये, मुलाचं वजन किती यावर बारीकसारीक गोष्टी बदलतात.

आधी एक समजून घ्या, टीपीएन म्हणजे साधं सलाईन नाही. ५ टक्के डेक्स्ट्रोजच्या एक लिटर बाटलीत जेमतेम १७० कॅलरी असतात, त्यावर मूल जगत नाही, फक्त पाणी कमी पडत नाही. टीपीएनच्या पिशवीत घट्ट ग्लुकोज, प्रोटीनसाठी अमिनो ॲसिड, फॅट, सोडियम-पोटॅशियम-कॅल्शियम-फॉस्फेट, व्हिटॅमिन, झिंक-सेलेनियमसारखी द्रव्यं, असं अख्खं जेवण असतं आणि ते पोट टाळून थेट रक्तात जातं. इतकं घट्ट द्रव हाताच्या बारीक शिरेत सोडलं तर शीर जळते, म्हणून छातीतली लाईन लागते, जिचं टोक हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत असतं. तिथे रक्ताचा लोंढा एवढा असतो की द्रव लगेच पातळ होऊन जातं. हे सगळं फार जुनं नाहीये. १९६०च्या दशकात अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात स्टॅन्ली ड्युड्रिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आधी कुत्र्याच्या पिल्लांवर आणि मग आतडं निकामी असलेल्या एका बाळावर हे करून दाखवलं. १९७३ मध्ये ब्रोव्हियॅक लाईन आली ती याच कामासाठी, आणि १९७९ मध्ये हिकमन यांनी ती थोडी जाड करून बोन मॅरो ट्रान्सप्लांटच्या पेशंटसाठी वापरली. म्हणजे आपल्या मुलांच्या छातीतली ती नळी मुळात जेवण देण्यासाठीच बनलेली आहे, हे कळल्यावर मला का कोण जाणे पण जरा धीर आला होता.

घरी नेण्याआधी काय पक्कं करायचं

पहिला प्रश्न डॉक्टरांना हाच विचारा, की नाकातल्या नळीने का नाही? पोट थोडंसं जरी चालत असेल तरी पोटच वापरायचं, हा नियम आहे आणि तो बरोबर आहे, कारण आतडं वापरलं नाही तर त्याचं अस्तर झिजतं आणि लिव्हरला त्रास होतो. टीपीएन लागतं ते तोंडापासून आतड्यापर्यंत सगळं सोललं गेलंय, ट्रान्सप्लांटनंतर आतड्यावर जीव्हीएचडी (दात्याच्या पेशींनी केलेला हल्ला) आलाय, ॲस्परॅजिनेज या किमोच्या औषधामुळे पॅन्क्रियाज सुजलंय आणि पोटातून काहीच झेपत नाहीये, पोटातल्या गाठीमुळे रस्ता बंद आहे, रेडिएशनने आतडं खराब झालंय, अशा वेळी. कारण माहीत असेल तर ते कधी संपेल हेही विचारता येतं.

दुसरं म्हणजे पहिले काही दिवस टीपीएन हॉस्पिटलमध्येच झालेलं असलं पाहिजे. मूल बरेच दिवस उपाशी असेल आणि एकदम भरपूर ग्लुकोज मिळालं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम, मॅग्नेशियम झपकन खाली येतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात, याला रिफीडिंग म्हणतात. म्हणून हळूहळू वाढवतात, रोज रक्त तपासतात. ते आकडे स्थिर झाल्याशिवाय घरी जायची घाई करू नका, कितीही कंटाळा आला तरी.

तिसरं, घरातल्या दोघांना तरी शिकवून घ्या. मी एकटीच शिकले होते आणि तिसऱ्या आठवड्यात मलाच सर्दी-ताप आला, मग तिच्या बाबांना घाईघाईत शिकवायला लागलं. आणि शिकताना सिस्टरना सांगा की तुम्ही हात मागे बांधून उभ्या राहा, मी सगळं पहिल्यापासून शेवटपर्यंत करते, चुकले तरच बोला. त्यांनी मध्ये मध्ये हात लावला तर आपल्याला वाटतं आलं, पण आलेलं नसतं.

आणि चौथं, रात्री दोन वाजता कोण फोन उचलणार तो नंबर, आणि एक पत्र ज्यावर आजार, लाईनचा प्रकार, टीपीएनमध्ये काय आहे आणि ताप आला तर काय करायचं हे लिहिलेलं आहे. दुसऱ्याच कुठल्या इमर्जन्सीत जायची वेळ आली तर हे पत्र आपल्यापेक्षा जास्त बोलतं.

घरातली जागा

पिशव्या फ्रीजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायच्या, त्यांना एक वेगळा कप्पा द्या, आत एक छोटा थर्मामीटर टाका आणि पिशवी मागच्या भिंतीला चिकटू देऊ नका कारण तिथे गोठते, आणि एकदा गोठलेली पिशवी वितळली तरी वापरायची नाही. दारात ठेवू नका, दार उघडझाप होतं तिथे.

कामाला एक टेबल लागतं, ज्यावर दुसरं काही होत नाही. पुसता येईल असं. बाथरूममध्ये नाही, बेसिनच्या शेजारीही नाही, कारण पाण्याचे शिंतोडे म्हणजे जंतू. लाईन उघडताना पंखा बंद, खिडकी बंद, कुत्रं-मांजर बाहेर, आणि कात्री त्या खोलीतच नको. हे मी जोर देऊन सांगतेय, ड्रेसिंगची टेप कापताना लाईन कापली गेल्याच्या गोष्टी सिस्टर लोकांकडे खूप असतात.

पिशवी लावायच्या आधी

लावायच्या एक-दोन तास आधी पिशवी बाहेर काढा, आपली आपण रूम टेंपरेचरला येऊ दे. गरम पाण्यात बुडवायची नाही, मायक्रोवेव्ह तर अजिबातच नाही. थंडगार पिशवी लावली तर मूल कुडकुडतं, आणि मग ही कुडकुड थंड द्रवाची की इन्फेक्शनची हे कळत नाही, आपला जीव टांगणीला.

मग लेबल वाचा. मोठ्याने वाचा, दुसऱ्याला ऐकू जाईल असं. नाव, तारीख, किती मिली, किती तासांत. नंतर पिशवी उजेडात धरून बघा. फॅटवाली पिशवी दुधासारखी पांढरी असते. कधीकधी वरच्या बाजूला सायीसारखा जरा दाट थर येतो, पिशवी हळूच उलटीसुलटी केली की तो मिसळून जातो, पण पिवळट तेलाचे थेंब वेगळे तरंगताना दिसले किंवा तेलाची रेघ दिसली आणि हलवूनही जात नाहीये, तर ती पिशवी फाटली असं समजायचं, दूध फाटतं तशी. ती वापरायची नाही. बिनफॅटची पिशवी असेल तर ती स्वच्छ असली पाहिजे, त्यात पांढरे कण किंवा ढगाळपणा दिसला तर कॅल्शियम आणि फॉस्फेट एकत्र येऊन गोठलेलं असू शकतं. पिशवी दाबून बघा, गळतेय का. शंका असेल तर बाजूला ठेवा, फेकू नका, फोटो काढा आणि फोन करा.

व्हिटॅमिन फार दिवस टिकत नाहीत म्हणून बऱ्याच ठिकाणी ती घरीच, लावायच्या आधी पिशवीत टाकायला सांगतात. टाकल्यावर रंग पिवळसर होतो, ते नॉर्मल आहे. उजेडाने व्हिटॅमिन खराब होतात आणि फॅटही बिघडतं, म्हणून पिशवीवर कव्हर घालायचं, लहान बाळांमध्ये तर नळीसुद्धा झाकलेली देतात. टीमने सांगितलेल्या गोष्टी सोडून पिशवीत स्वतःच्या मनाने काहीही टाकायचं नाही.

ते १५ सेकंद

आता खरं महत्त्वाचं. सात महिन्यांत मला जर एक गोष्ट कळली असेल तर ही, की धोका पिशवीत कमी असतो आणि जोडणीच्या जागी जास्त. लाईनच्या टोकाला जी कॅप असते तिच्यावरचा एक जंतू आत ढकलला गेला तर तो थेट हृदयाशी पोचतो, आणि आपल्या मुलांचे काउंट (रक्तातल्या पांढऱ्या पेशी) पडलेले असतात तेव्हा त्याला अडवायला तिथे कोणी नसतं. वर टीपीएन म्हणजे साखर आणि फॅट, जंतूंनाही तेच आवडतं. बाकी बऱ्याच गोष्टी थोड्या इकडेतिकडे झाल्या तरी निभावून जातं, हे नाही.

म्हणून अंगठ्या, बांगड्या, घड्याळ काढा, नखं कापलेली. मास्क लावा, मुलालाही लावा किंवा त्याला तोंड दुसरीकडे वळवायला सांगा. साबणाने हात कोपरापर्यंत, बोटांच्या मध्ये, अंगठ्याच्या मागे, कमीतकमी २० सेकंद, आणि स्वच्छ कागदी नॅपकिनने कोरडे, घरातल्या टॉवेलने नाही. सामान आधी उघडून मांडून घ्या. मग पुन्हा हात सॅनिटाइझ करून ग्लोव्ह्ज.

कॅपला अल्कोहोल वाईपने किंवा जे दिलंय त्याने १५ सेकंद घासायचं. घासायचं म्हणजे लिंबू पिळताना जसं पिळवटतो तसं, जोर लावून, वरचा भाग आणि कडेचे आटे सुद्धा, नुसतं पुसायचं नाही. आणि मग सुकू द्यायचं. फुंकर मारायची नाही, हाताने वारा घालायचा नाही. सुकतानाच जंतू मरतात, ओल्यावरच जोडलं तर घासलेलं फुकट. माझी लेक हे १५ सेकंद मोठ्याने मोजायची, घाई झाली असेल आणि मी बारावर थांबले तर ती ओरडायची. मुलाला हे काम द्या, खरंच द्या. त्याच्या अंगाशी सगळे काहीतरी करत असतात, त्यात एक गोष्ट त्याच्या ताब्यात असते. सुकेपर्यंत ते टोक कशालाही टेकलं, चादरीला, ग्लोव्हला, त्याच्या केसांना, तर परत पहिल्यापासून. एकदा रात्री साडेअकराला हे माझं तीनदा झालं, रडू आलं होतं, पण तीनदा घासलं.

लावणं आणि पंप

सेटमधली हवा आधी काढून घ्या, फिल्टरसकट. फॅटवाल्या पिशवीला १.२ मायक्रॉनचा फिल्टर असतो, बिनफॅटच्या पिशवीला साधारण ०.२२ चा, तो मुलाच्या बाजूला येतो. सेट आणि फिल्टर रोज नवीन. इथे एक लक्षात ठेवा, फिल्टर जाम झाला आणि पंप ओरडायला लागला तर फिल्टर काढून टाकून चालू ठेवायचा मोह होतो. नाही. फिल्टर जाम झालाय म्हणजे त्याने काहीतरी अडवलंय, ते मुलाच्या रक्तात जायला नको होतं. पंप थांबवा आणि विचारा.

जोडायच्या आधी सलाईनने फ्लश करायचं ते १० मिलीच्या सिरिंजनेच, औषध कमी असलं तरी. लहान सिरिंजने दाब जास्त पडतो आणि लाईन आतून फुटू शकते. थोडं ढकला, थांबा, थोडं ढकला. जात नसेल तर जोर लावायचा नाही. क्लॅम्प, म्हणजे नळीवरचा चिमटा, बंदच राहिलाय का, नळी कुठे दुमडलीये का, मुलाला हात वर करायला, खोकायला, कुशीवर वळायला सांगा. तरी जात नसेल तर फोन. हॉस्पिटलमध्ये रक्ताची गाठ विरघळवायचं औषध असतं, घरच्या जोरजबरदस्तीने गाठ पुढे सरकते नाहीतर लाईन फाटते.

पंपाचं गणित एकदा स्वतः करून बघा, म्हणजे कुणी चुकीचा आकडा टाकला तर लक्षात येईल. समजा ८८० मिली १२ तासांत द्यायचंय, पहिला आणि शेवटचा तास निम्म्या वेगाने. मग मधल्या १० तासांना तासाला ८० मिली म्हणजे ८००, आणि दोन्ही टोकांना ४०-४०. झाले ८८०. निम्म्या वेगाचं कारण असं की एवढी साखर जात असते तेव्हा शरीर त्या मानाने इन्सुलिन बनवत असतं, आणि साखर एकदम बंद केली तर इन्सुलिन तसंच राहतं आणि साखर धाडकन खाली येते. लहान मुलांत हे जास्त होतं. पिशवीत सांगितल्यापेक्षा थोडं जास्त भरलेलं असतं, नळी भरायला, म्हणून सकाळी थोडं उरलं तर घाबरू नका आणि ते संपवायला पंप वाढवूही नका. उशीर झाला म्हणून वेग वाढवायचा नाही, कधीच नाही. आकडे टाकल्यावर दुसऱ्या माणसाने लेबलशी ताडून बघायचे, मगच स्टार्ट. एका दशांशाची चूक म्हणजे दहापट वेग.

रात्र

नळीचा एक वेटोळा करून छातीवर टेपने चिकटवा, म्हणजे ओढ बसली तर टेपवर बसेल, लाईनवर नाही. छोट्या मुलांची नळी कपड्याच्या आतून पायाकडून बाहेर काढा, गळ्याभोवती यायला नको. पंप बॅगपॅकमध्ये ठेवता आला तर टॉयलेटला जायला सोपं. आणि टॉयलेटला जावंच लागतं, रात्रभर पाणी आत जात असतं, दोनतीनदा उठवावं लागतं किंवा डायपर. सहा वर्षांच्या मुलीला परत डायपर लावणं तिला फार लागलं होतं, तेव्हा आम्ही ते सरळ सांगितलं, की हे पिशवीचं पाणी आहे, तुझी चूक नाही. किमो झाल्यावर ४८ तास तरी लघवी, उलटी, डायपर हाताळताना ग्लोव्ह्ज घाला, औषध त्यातून बाहेर पडत असतं. काही औषधांना जास्त दिवस सांगतात, विचारून घ्या.

पंप वाजला की आधी क्लॅम्प, मग वळलेली नळी, मग हवेचे बुडबुडे, मग बॅटरी. नव्वद टक्के वेळा मूल नळीवर झोपलेलं असतं. लाईट गेली तर पंप बॅटरीवर चालतो, म्हणून तो दिवसभर चार्जिंगला लावून ठेवायची सवय लावा.

सकाळी निम्म्या वेगाचा तास संपला की पुन्हा तेच सगळं, हात, घासणं, सुकवणं. सलाईनने फ्लश, आणि शेवटचं थोडं ढकलत असतानाच क्लॅम्प लावायचा म्हणजे रक्त मागे ओढलं जात नाही. मग लॉक, म्हणजे लाईनमध्ये भरून ठेवायचं औषध. कुठे रक्त गोठू न देणारं हेपॅरिन देतात, कुठे जंतू मारणारं टॉरोलिडीन. हेपॅरिनची बाटली दर वेळी वाचा, कारण मिलीला १० युनिट, १०० युनिट आणि त्याहून कितीतरी जास्त ताकदीच्या बाटल्या दिसायला सारख्या असू शकतात.

पोर्ट, म्हणजे कातडीखाली बसवलेली डबी असेल तर तिच्यातली सुई साधारण आठवड्याने बदलतात. रोज टोचायला नको म्हणून ती तशीच ठेवतात, पण तिच्या भोवती सूज, दुखणं किंवा ओलं वाटलं तर सुई बाहेर सरकली असू शकते, लगेच बंद करा. पारदर्शक ड्रेसिंग आठवड्याला बदलतात, खाली गॉज असेल तर दोन दिवसांनी, आणि सुटलं किंवा भिजलं तर तेव्हाच्या तेव्हा, उद्यावर टाकायचं नाही. हिकमन किंवा पिक (दंडातून टाकलेली लाईन) असेल तर टबात, पोहायला जाऊ देऊ नका.

ताप

थर्मामीटर ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट दाखवतोय, तर निघा. काही टीम ३८.३ म्हणतात, काही ३८ तासभर टिकला तर म्हणतात, तुमचा आकडा विचारून फ्रीजवर मोठ्या अक्षरात लावा आणि मग त्यावर घरात चर्चा करू नका. पॅरासिटामॉल देऊन वाट बघायची नाही, त्याने ताप दबतो, जंतू नाही. गुदद्वारातून ताप मोजायचा नाही. हॉस्पिटलमध्ये पोचल्यापासून तासाभरात अँटिबायोटिकचा पहिला डोस जायला हवा, त्यामुळे फोन करूनच निघा आणि दारातच सांगा, कॅन्सरचं मूल आहे, छातीत लाईन आहे, ताप आहे. लाजू नका, रांगेत बसू नका.

फ्लश केल्यावर किंवा पिशवी लावल्यावर अर्ध्या-एक तासात हुडहुडी भरली तर ते लाईनमधल्या जंतूंचं लक्षण समजायचं, तेव्हा ताप नसला तरी. पंप थांबवा, लाईन क्लॅम्प करा, तिच्यातून परत काही ढकलू नका आणि फोन करा. पिशवी अचानक थांबली म्हणून वाटेत साखर तपासा, ७०च्या खाली असेल, मूल घामाघूम, थरथरतंय, सुस्त वाटतंय तर तेही फोनवर सांगा. तोंडाने घेत असेल आणि परवानगी असेल तर गोड पाणी.

अजून एक, जे मला खूप उशिरा कळलं. मूल स्टिरॉइडवर असेल तर ताप येईलच असं नाही. आणि काउंट शून्याजवळ असतील तर लाईनच्या जागी पू सुद्धा होत नाही, कारण पू ज्या पेशींचा बनतो त्याच नसतात. त्यामुळे नुसतं मलूल आहे, हातपाय गार, अंगावर जाळीसारखे डाग, नेहमीसारखं बोलत नाहीये, एवढ्यावरही जा. आईबापाला जे खटकतं ते बहुतेक वेळा खरं असतं.

लाईन तुटली, निघाली, हवा गेली तर

तुटली तर तुटलेली जागा आणि मूल यांच्या मध्ये क्लॅम्प लावा, दात नसलेला, अंगाजवळ. क्लॅम्प नसेल तर नळी दुमडून घट्ट धरा. स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा आणि निघा. बऱ्याचदा दुरुस्त होते. हा क्लॅम्प मुलासोबतच असला पाहिजे, शाळेच्या दप्तरात, गाडीत, अंथरुणाजवळ, फक्त टेबलाच्या ड्रॉवरमध्ये नाही.

सगळी बाहेर आली तर बाहेर पडते त्या जागेवर आणि थोडं वर, जिथे ती शिरेत शिरते तिथेही गॉजने घट्ट दाबून धरा. लाईन उघडी असताना एकदम खोकला, धाप, छातीत दुखणं सुरू झालं तर हवा गेली असेल, क्लॅम्प लावा, मुलाला डाव्या कुशीवर डोकं खाली करून झोपवा आणि अँब्युलन्स.

रक्ताचे रिपोर्ट आणि बाकीची औषधं

सुरुवातीला आठवड्याला किंवा त्याहून जास्त वेळा रक्त तपासतात, सोडियम-पोटॅशियम, कॅल्शियम, फॉस्फेट, मॅग्नेशियम, साखर, लिव्हर, ट्रायग्लिसराइड (रक्तातलं फॅट). एकदा आमच्या रिपोर्टमध्ये साखर सहाशेच्या वर आली, पोटॅशियमही वाढलेलं. धावपळ, इन्सुलिनची तयारी. लेक मात्र मजेत चित्र काढत बसलेली. मग एका सिस्टरनी विचारलं, रक्त कुठून घेतलं? ज्या नळीतून टीपीएन चालू होतं तिथूनच घेतलं होतं, नीट फ्लश न करता. बोटाला टोचून तपासली तर साखर १०८. तेव्हापासून मी रक्त घेणाऱ्याला आधीच सांगते, हा टीपीएनचा लुमेन (लाईनच्या आतली एक वाट) आहे, दुसऱ्यातून घ्या, नाहीतर बंद करून, फ्लश करून, पहिलं रक्त टाकून द्या.

खरी साखर पण वाढते, विशेषतः डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइड चालू असताना, आणि ॲस्परॅजिनेजबरोबर तर साखर आणि ट्रायग्लिसराइड दोन्ही. खूप तहान, नेहमीपेक्षा खूपच लघवी, हे दिसलं तर तपासा. किमोचा टप्पा बदलला की टीपीएन बघणाऱ्या टीमला स्वतः सांगा, दोन टीम आपसात बोलल्या असतील असं धरून चालू नका.

टीपीएनच्या नळीतून दुसरं औषध द्यायचं नाही. सेफ्ट्रिॲक्सोन कॅल्शियमला भेटलं की गोठतं, ॲम्फोटेरिसिन, ॲसायक्लोव्हिर चालत नाहीत. दोन लुमेन असतील तर एक फक्त टीपीएनला राखून ठेवा.

वजन रोज सकाळी, त्याच काट्यावर, तेवढ्याच कपड्यांत. एका रात्रीत एकदम वाढलेलं वजन मांस नसतं, पाणी असतं. पापण्या सुजलेल्या, पायावर बोट दाबलं की खळगा, तर कळवा. डोळे पिवळे, लघवी गडद, शी पांढुरकी, तर लिव्हर. रात्रीच देऊन दिवसा सुट्टी दिली तर लिव्हरला विश्रांती मिळते, कधी फॅट बदलून माशाच्या तेलाचं देतात, आणि तोंडाने चमचाभर जरी गेलं तरी उपयोग होतो.

तोंड बंद करू नका

डॉक्टरांनी मनाई केली नसेल तर चव चालू ठेवा. पोट भरायला नाही, विसर पडू नये म्हणून. महिनोन्महिने काही गिळलं नाही तर मुलांना खाण्याचीच भीती बसते, घास तोंडाशी नेला की ओकारी. ताटाशी बसवा, चमचा हातात द्या, चाटलं तरी खूप. पण आग्रह नको, आणि किती खाल्लं ते त्याच्यासमोर मोजू नका. दात मऊ ब्रशने रोज, खात नसलं तरी, तोंडातले जंतूसुद्धा सोललेल्या जागेतून रक्तात जातात. भूक कमी लागते कारण रात्रभर साखर चालू असते, हे मूल हट्टी आहे म्हणून नाही.

बंद करताना एकदम करत नाहीत. आधी पिशवीतल्या कॅलरी कमी, मग आठवड्यातली एक रात्र सुट्टी, मग दोन, वजन टिकतंय का बघत. आमची पहिली सुट्टीची रात्र मी झोपले नाही, दर तासाला उठून पंप शोधत होते. आणि पिशव्या थांबल्या तरी लाईन आत आहे तोवर फ्लशचं वेळापत्रक चालूच राहतं, पोर्टला साधारण महिन्याला, हिकमनला त्याहून बरंच वारंवार. तापाचा तो फ्रीजवरचा कागदही लाईन निघेपर्यंत काढायचा नाही.